दहा राष्ट्रप्रमुखांचे डोळे

“हा म्हातारा घ्या, हा टोकदार मिशांचा घ्या, आणि हा तीन महिन्यांचा सम्राट, यालाही घ्या,” असं म्हणत खासनीस साहेब आमच्या फळीवर फोटो मांडत होते.

“तीनच महिने?” अप्पा म्हणाले. “अहो, माणसाने चातुर्मास तरी पुरा करावा.”

“घशाच्या रोगाने गेला बिचारा. पण गादीवर बसला होता ना? मग मोजायचा.”

ही गोष्ट पेणची, आमच्या गणपतीच्या कारखान्यातली. सन त्र्याहत्तर, दिवाळी नुकतीच झालेली. गणपती गेले की आमच्याकडे सामसूम असते. कारागीर माशा मारत बसतात आणि माझे वडील, म्हणजे अप्पा, त्यांच्यावर चिडत बसायचे. अशा दिवसांत खासनीस साहेब देवासारखे आले. ते ठाण्याच्या एका कंपनीचे मॅनेजर. त्यांच्या मालकांनी एका जर्मन कंपनीशी भागीदारी केली होती, जर्मन पाहुणे लवकरच येणार होते, आणि मालकांच्या डोक्यात आलं होतं की स्वागताला जर्मनीच्या सगळ्या राष्ट्रप्रमुखांचे अर्धपुतळे ओळीने मांडावेत. घरी पाहुणा आला की आपण त्याच्या आजोबांची चौकशी करतो, त्यातलाच हा प्रकार.

मी तेव्हा विशीत होते. पुण्याला इतिहास घेऊन बी.ए. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. इतिहास शिकणाऱ्या मुलीकडे जेवढं शहाणपण असतं तेवढं माझ्याकडे होतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त.

“पूर्व जर्मनीचे नाही का घ्यायचे?” मी विचारलं. “भिंतीपलीकडचे?”

“ते नकोत. मशिनरी पश्चिमेकडून येणार आहे.”

“म्हणजे मशिनरी पाठवील तो राष्ट्रप्रमुख,” अप्पा म्हणाले.

खासनीस हसले. पुढचा फोटो दाखवून म्हणाले, “हे आधी खोगिरं शिवायचे. शेवटचा कैसर, म्हणजे त्यांचा सम्राट, गेल्यावर अध्यक्ष झाले.”

“कारागीर माणूस! वा!” अप्पांनी तो फोटो हातात घेऊन पुन्हा पुन्हा बघितला. मग त्याच्या शेजारी हिंडेनबर्ग नावाचा एक भारदस्त म्हातारा ठेवला गेला, आणि त्याच्याही पुढचा फोटो फळीवर पडला तसा अप्पांचा हात थांबला. ती मिशी पेणमध्येही शेंबड्या पोराला ठाऊक होती.

“हिटलर नको,” अप्पा म्हणाले.

“का?”

“आमच्या गावात डॉक्टरीणबाई आहेत.”

डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टर एल्झे सिमॉन. जर्मनीतल्या ज्यू. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी एक ट्रंक घेऊन मुंबईला उतरल्या आणि कशा कोण जाणे, पेणला येऊन राहिल्या. मराठी शिकल्या त्या दवाखान्यात येणाऱ्या आगरणींकडून, त्यामुळे ती गोरीपान बाई “काय गो, कुठं दुखतंय?” असं विचारायची तेव्हा नवखा माणूस चक्रावून जायचा. निम्म्या गावाला त्यांनी जन्माला घातलं होतं. मी पायाळू, मला उलटीला सुलटी करून बाहेर काढली ती त्यांनीच. तिकडे त्यांचं कोणी उरलं नव्हतं, एवढंच गावाला माहीत होतं. त्यापुढे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

“अहो अप्पा,” खासनीस म्हणाले, “मधला दात पाडला तर बत्तिशी कशी दिसेल? हिंडेनबर्ग वारला आणि हा राष्ट्रप्रमुख झाला, हा इतिहास आहे. याच्यानंतरचा हा दर्यासारंग तर युद्ध हरता हरता थोडे दिवस खुर्चीत बसला, तोसुद्धा घेतोय मी. मग यालाच कसा वगळू? पाहुणे म्हणतील, यांना मोजताच येत नाही.” मग माझ्याकडे वळून, “काय ताई, तुम्ही इतिहासवाल्या. होता की नव्हता?”

“होता,” मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

माझा भाऊ मोरूदादा तेव्हा कारखान्याचा कारभार बघायचा. तो हळूच म्हणाला, “अप्पा, ते नेतील तर दहाच्या दहा नेतील. शिमग्यापर्यंत कारागिरांच्या हाताला काम होईल.”

अप्पांनी तो फोटो उपडा करून ठेवला. “ठीक आहे,” शेवटी म्हणाले. “पण तो बाईंच्या नजरेला पडता कामा नये. एवढं सांभाळायचं.”

सांभाळायचं म्हणजे सोपं नव्हतं. आमचं घर कारखान्याच्या मागे, आणि घरात जायची वाट कारखान्यातूनच. डॉक्टरीणबाई दर मंगळवारी त्याच वाटेने यायच्या, कारण द्वारकावहिनीचे दिवस भरत आले होते. वहिनी म्हणजे मोरूदादाची बायको, रोह्याकडच्या एका खेड्यातली. तिचं पहिलं बाळ माहेरच्या घरी जन्मतःच गेलं होतं. त्यानंतर ती महिनोन्‌महिने कोणाशी बोलली नव्हती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, “या टायमाला मी हाय. घाबरायचं नाय.” त्या एका वाक्यावर आमचं सगळं घर उभं होतं.

गर्भारशीने सुंदर मुखं बघावीत, देवाचे डोळे बघावेत, असं आमच्याकडे मानतात. गणपतीच्या कारखान्याएवढी त्याची सोय दुसरीकडे कुठे? आईने वहिनीला सांगून ठेवलं होतं, रोज सकाळी एका मूर्तीपुढे बसायचं आणि बाळासाठी मागायचं. आणि हिटलर-बिटलर, युद्ध, मारामाऱ्या, यातलं अक्षर तिच्या कानावर घालायचं नाही, हाही आईचाच हुकूम.

पुतळे छान उतरले. प्लास्टरचं काम मोरूदादाचं, तो हात साफ होता. एकाच्या गालफडावरचे कल्ले, एकाची उभी कॉलर, एकाचा चष्मा, सगळं फोटोबरहुकूम. राहिले डोळे.

आमच्या धंद्यात बाकीचं काम दहा हातांनी होतं, डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताने व्हायची. डोळे उघडेपर्यंत ती माती; उघडले की देव. अप्पा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसायचे आणि ते कुंचला टेकवायचे तेव्हा कारखान्यात कोणी खोकायचंसुद्धा नाही. जन्मभर त्यांनी देवाचे डोळे काढले होते. माणसाचे कधीच नाही.

त्याचं जे व्हायचं तेच झालं. कैसरच्या मिशा वर टोकदार, पण डोळे जरासे झुकलेले, कृपेने भरलेले, थेट आमच्या गणपतीचे. खोगीरवाल्याचे तसेच. दर्यासारंगाचेही तेच. नऊही राष्ट्रप्रमुख भक्ताच्या हाकेला धावून जायच्या तयारीत बसलेले. मी हसत सुटले, कारागीरही हसले. मग अप्पांनी हिटलर पुढ्यात ओढला आणि हसणं बंद झालं.

मला वाटलं होतं, निदान इथे तरी त्यांचा हात वेगळा चालेल. नाही चालला. डोळे काढून कुंचला उचलला तेव्हा त्या चेहऱ्यावरून इतकी माया पाझरत होती की माझ्या अंगावर काटा आला.

“अप्पा, हा माणूस असा नव्हता हो.”

“मला का कळत नाही?” अप्पा वैतागून म्हणाले. “चारदा ठरवून बसलो. पण हात ऐकत नाही गं कुमे. दुष्ट डोळे काढायला शिकवलंच नाही कोणी.”

हिटलरवर गोणपाट टाकून आम्ही त्याला कोपऱ्यात, शाडूच्या ढिगामागे ठेवला. दोन मंगळवार डॉक्टरीणबाई त्याच्या शेजारून गेल्या. त्यांनी कैसर बघितले, हिंडेनबर्ग बघितला, गालात हसल्या. “अप्पा, आमच्या सगळ्या लोकांना तुमी लय चांगलं करून टाकलं,” म्हणाल्या. आम्हीही हसलो.

मग एके दिवशी, मंगळवार नसताना, त्या आल्या. शेजारच्या आळीत कोणाला तरी बघून परतत होत्या, म्हणाल्या जाता जाता द्वारकेला बघते. आणि त्याच वेळी सगळे दहा पुतळे शेवटच्या रोगणासाठी मधोमध मांडलेले होते. गोणपाट बाजूला पडलं होतं.

मोरूदादा त्यांच्या आणि पुतळ्याच्या मध्ये उभा राहायला धावला, पण उशीर झाला होता. त्या थांबल्या. मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, नाहीतर कोसळेल. त्या पुढे गेल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि त्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास त्याला लागत असेल.

“डोळे कोणी काढले, अप्पा?”

“मी,” अप्पा म्हणाले. “चुकलं, बाई. मोठी चूक झाली. आत्ता पुसतो.” त्यांनी ओलं फडकं उचललंसुद्धा.

“पुसू नका.”

“मग... मग दुसरे काढू? क्रूर काढू? तुम्ही सांगा तसे काढतो.”

त्या वळल्या आणि आल्या वाटेने निघून गेल्या. वहिनीला न बघता. असं कधीच झालं नव्हतं. त्यांची पिशवी फळीवर तशीच राहिली होती. ती घेऊन मी मागे धावले तर त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“डॉक्टरीणबाईंचा आवाज आला ना आत्ता?” वहिनीने घरातून विचारलं. “मग आत का नाही आल्या?”

“घाईत होत्या,” आई म्हणाली.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. आई अप्पांना म्हणाली, “जा, पाय धरा त्यांचे.” अप्पा म्हणाले, “कोणत्या तोंडाने जाऊ?” आणि खरंच, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कोणीतरी घरात शिरून त्यांना थोबाडीत मारून गेल्यासारखे ते बसलेले असत. वहिनी मात्र रोज विचारायची, “आज येतील?” रोज कोणीतरी नवी थाप मारायचं. तिला तिचं पहिलं बाळंतपण आठवत होतं हे आम्हाला दिसत होतं. रात्री तिला झोप लागेना, दिवसा जेवण जाईना.

शेवटी मीच दवाखान्यात गेले. पेशंटांची रांग संपेपर्यंत बाकावर बसले. त्या हात धूत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तो गेला काय?”

“गेला. काल टेम्पो आला होता. खासनीस साहेबांना फार आवडला. म्हणाले, सगळ्यांत हाच जमलाय, याला मधोमध ठेवतो.”

नळाचं पाणी वाहत राहिलं. “आवडला,” त्या म्हणाल्या.

“बाई, आमच्यावर रागावा. पण वहिनीचा काय दोष?”

“मी रागावले नाय गो.” त्यांनी नळ बंद केला. “येते मी. एकदोन दिवसांत येते. मना जरा वेळ दे.”

मी उड्या मारतच घरी आले. घरात जरा हसू फुटलं. आईने वहिनीची दृष्ट काढली. आणि त्याच संध्याकाळी टेम्पो परत आला, त्यात एकच पुतळा होता.

“घ्या तुमचा माणूस,” टेम्पोवाला म्हणाला. “जर्मनांचा एक इंजिनियर आधी आलाय, त्याने हा बघितला आणि पांढराफटक पडला. म्हणाला, उचला आधी. आमच्यात हा मोजत नाहीत.”

“आणि बाकीचे नऊ?” मोरूदादाने विचारलं.

“ते मोजतात.”

काळोख पडत होता, सगळे दमले होते. मोरूदादाने पुतळा मागच्या पडवीत नेऊन ठेवला. सकाळी बघू, म्हणाला. गोणपाट टेम्पोतच राहून गेलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. समोरून डॉक्टरीणबाई येताना दिसल्या, हातात पिशवी, नेहमीसारख्या भराभर. मला आधी आनंद झाला आणि लगेच पडवी आठवली. झाडू टाकून मी आत पळाले. चादर, पोतं, काय मिळेल ते त्याच्यावर टाकायचं एवढंच डोक्यात होतं.

पडवीत वहिनी बसली होती. पाटावर, हिटलरसमोर.

त्याच्या कपाळाला तिने हळदकुंकू लावलं होतं. डोक्यावर लाल जास्वंद होती. उदबत्ती अर्धी जळाली होती. वहिनीने एक हात पोटावर ठेवला होता, डोळे मिटले होते आणि ती पुटपुटत होती, “असंच शांत डोळ्यांचं होऊ दे रे बाबा माझं बाळ. असंच सगळ्यांवर माया करणारं होऊ दे.”

मागे वळले तर दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात आई आली, तिने कपाळ बडवून घेतलं. अप्पा आले. मी अप्पांना तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी ती जास्वंद उचलून परसात भिरकावली आणि वहिनीवर हात उगारला.

“कोणाला हात जोडतेस? माहीत आहे का कोण आहे हा? लाखो माणसं मारली याने, पोरंबाळं मारली! या बाईंचं घरदार...”

वहिनी पाटावरून उठायला गेली, तिला उठवेना. ती अप्पांकडे, मग त्या पुतळ्याकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिली. “मामंजी... मला कोणी... सासूबाईच म्हणाल्या होत्या, मूर्तीपुढे बस...” ती पोट धरून हुंदके द्यायला लागली. अप्पांनी कोपऱ्यातली मोगरी उचलली, पुतळा फोडायला.

“अप्पा, ठेवा ती खाली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि तिच्यावर ओरडायचं नाय.”

त्या आल्या आणि जमिनीवर वहिनीशेजारी बसल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले. बसताना त्यांना त्रास झाला. वहिनीचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. पुतळ्याकडे बघत बोलू लागल्या तेव्हा त्यांचं ते आगरी मराठी मला पहिल्यांदाच गमतीचं वाटलं नाही.

“म्हातारा मेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. तो हिंडेनबर्ग. म्हातारा सगळ्या देशाचा म्होरक्या होता, आणि हा नुसता सरकारचा. आता हा म्हणाला, दोन्ही खुर्च्या माझ्या. लोकांना विचारलं, हो का नाय? मत द्या. तेव्हा आमा ज्यूंना पण मत होतं.”

“ते मला माहीत आहे,” मी म्हटलं. काय अवदसा आठवली आणि मध्ये बोलले, कोण जाणे.

“तुना माहीत हाय. पुस्तकात हाय ते.” त्या क्षणभर थांबल्या. “माझ्या बापाचा एक पाय पहिल्या लढाईत गेला होता. जर्मनीसाठी. पदक होतं त्याला. तो म्हणाला, पोरांनो, हो म्हणा. आजपर्यंत हा त्याच्या पार्टीचा होता. आता म्हाताऱ्याच्या खुर्चीत बसेल. त्या खुर्चीत जो बसतो तो सगळ्यांचा होतो. मग आमचा पण होईल.”

“आणि त्यांनी हो म्हटलं?” अप्पांनी विचारलं.

“बापाने म्हटलं, आईने म्हटलं. मी नाय म्हणणार होते. मना इस्पितळातून काढलं होतं. आमच्या गल्लीत दुकानं फोडली होती. मी शहाणी होते, या कुमुदसारखी. घरातून निघाले ती नाय म्हणायलाच.”

पडवीत उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता.

“शाळेत मतदान होतं. दारात ह्याचं चित्र. मोठं, रंगीत. तिकडे पण कोणीतरी होता, अप्पा, तुमच्यासारखा. त्याला पण दुष्ट डोळे येत नसतील. असेच काढले होते त्याने. हुबेहूब असेच. त्या दिवशी तुमच्या कारखान्यात मी बघितले आणि मना वाटलं, मी परत त्या शाळेत उभी हाय.”

अप्पा खाली बसले. मोगरी त्यांनी बाजूला ठेवली.

“मी पडद्याआड गेले. एकटी. कोण बघत नव्हतं. कोणाला कळणार पण नव्हतं. आणि मना ते डोळे आठवले. वाटलं, ह्याला माहीतच नसेल, खालचे लोक काय करतात ते. माहीत झालं तर थांबवेल.” त्यांनी बोटाने जमिनीवर एक फुली काढली. “मी हो म्हटलं.”

मी दाराला धरून उभी राहिले. आमच्या गावात ज्या बाईसमोर त्या माणसाचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती, तिने त्याला मत दिलं होतं. माझ्या सगळ्या इतिहासात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“भीतीने दिलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “तर आज बरं वाटलं असतं. भीतीने नाय दिलं. आई, बाप, धाकटा भाऊ, सगळी गेली. मी बोटीत बसले म्हणून राहिले. कोणालाच नाय सांगितलं हे. पस्तीस वर्षं झाली इथे.”

आईने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. शेवटी अप्पांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि म्हणाले, “बाई, मला फोडू द्या हा. हे माझ्या हातून झालंय.”

“नाय. तो इंजिनियर म्हणतो, हा मोजायचा नाय. अगो, मग मी कोणाला मत दिलं? ह्याला वगळला तर आमी सगळे सुटलो. आणि दुष्ट डोळे काढले तर बघणारा म्हणेल, ह्याला तर मी कधीच हो म्हटलं नसतं.” त्यांनी मान हलवली. “डोळे राहू दे. फक्त खाली नाव लिहा. मोठं लिहा. येईल त्याला वाचता आलं पाहिजे.”

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी आत जाऊन त्यांचा कुंचला आणला, आखणीचा, ज्याला आम्हा पोरांना कधी हात लावायची परवानगी नव्हती. पण ते खाली वाकले, कुंचला पुतळ्याजवळ नेला आणि तसाच मागे घेतला. त्यांनी कुंचला माझ्यापुढे धरला.

“तू कर,” म्हणाले. “मला नाही जमणार आता.”

पुढच्या भाद्रपदातही ते हेच म्हणाले, आणि गणपतीचे डोळे तेव्हापासून मी काढते. पण त्या सकाळी मी आधी ते नाव लिहिलं, पुतळ्याच्या छातीखाली, काळ्या रंगात. वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. तिने एकेक अक्षर ओठांनी जुळवत ते वाचलं. मग वर त्या चेहऱ्याकडे बघितलं. ते डोळे अजून तसेच होते, नाव लिहूनही जराही बदलले नव्हते. कपाळावर तिनेच लावलेलं कुंकू होतं.

“मी बाळासाठी मागितलं हो त्याच्याकडे,” ती डॉक्टरीणबाईंच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. “असेच डोळे दे म्हटलं. मला काय माहीत? मला चांगला माणूस वाटला हो.”

डॉक्टरीणबाईंनी तिचे विस्कटलेले केस कानामागे सारले.

“मना पण वाटला गो,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवी उघडली, नळी कानाला लावली आणि दुसरं टोक वहिनीच्या पोटावर ठेवलं. “आता रडू नको जरा. मना बाळाचं ऐकू दे.”